कपड्याची चाल

ऑक्टोबर 2025 मध्ये मातिउ ब्लाझीने शनेलसाठी केलेलं पहिलं कलेक्शन पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये दाखवलं गेलं. काळी चकचकीत जमीन, वर टांगलेले प्रचंड ग्रह आणि त्यांच्या खालून चालणाऱ्या मॉडेल्स. सगळ्यात शेवटी अवार ओधियांग आली. अंगात साधा पांढरा टी-शर्ट, खाली रंगीबेरंगी पिसांचा घोळदार स्कर्ट. ती हसत होती, गिरक्या घेत होती, टाळ्या वाजवत होती, आणि शेवटी तिने ब्लाझीलाच मिठी मारली. फॅशनशी काडीचं देणंघेणं नसलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनीही ती रील मला पाठवली. दोघींचं म्हणणं एकच, ‘अगं, ही हसतेय!’

रील मलाही आवडली. पण नंतर मैत्रिणींचं आणि माझंही ते आश्चर्यच डोक्यात घोळत राहिलं. एक बाई सुंदर कपडे घालून हसत चालली, ही बातमी कशी काय झाली? रॅम्पवर माणसाने माणसासारखं चालणं इतकं दुर्मीळ कधीपासून झालं?

मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून फॅशन शो बघते. आधी केबलवर, मग लॅपटॉपवर, आता फोनवर. सुरुवातीला कपडे बघायचे. मग डिझायनरांची नावं पाठ झाली. आता मी सगळ्यात आधी चाल बघते. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी हाताशी येतात, हे आपलं नशीब. चाल म्हणजे चालण्याची पद्धत आणि चाल म्हणजे गाण्याची धून. कवितेला चाल लावली की शब्द तेच राहतात, पण ती ओठांवर बसते किंवा कायमची पडते. कपड्याचंही तसंच आहे. डिझायनर शब्द लिहितो, चाल मॉडेल लावते.

यासाठी पॅरिसला जायचीही गरज नाही. नऊवारी नेसलेल्या बाईचं पाऊल बघा. काष्ट्यामुळे पाय मोकळे असतात, ढांग लांब पडते. तीच बाई सहावारी नेसली की निऱ्या सांभाळत चालते. कापड शरीराला काहीतरी करायला भाग पाडतं आणि शरीर त्याला उत्तर देतं. हॅंगरवर टांगलेल्या साडीत हे उत्तर नसतं. फॅशन शो हा खरा त्या उत्तराचा खेळ आहे. म्हणूनच ज्या शोमध्ये सगळ्या मॉडेल्स एकाच पद्धतीने चालतात, तो शो मला अर्धवट वाटतो.

या उत्तराची ताकद काय असते, ते 28 नोव्हेंबर 1973 च्या रात्री दिसलं. व्हर्सायच्या राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायचे होते, म्हणून तिथल्या नाट्यगृहात फ्रेंच आणि अमेरिकी डिझायनरांचा एकत्र कार्यक्रम ठेवला होता. फ्रेंचांकडून इव्ह सँ लोराँ, जिव्हाँशी, कार्दँ, उंगारो आणि दिओरचे मार्क बोआँ. अमेरिकेकडून हॉल्स्टन, ऑस्कर दे ला रेंता, बिल ब्लास, अ‍ॅन क्लाइन आणि स्टीव्हन बरोज. फ्रेंचांनी रंगमंचावर भोपळ्याच्या बग्गीपासून सगळं काही आणलं, दोन तासांहून जास्त वेळ घेतला. अमेरिकी चमूचा पडदा इंच आणि सेंटिमीटरच्या घोळात भलत्याच मापाचा निघाला. त्यांच्याकडे उरलं काय, तर जवळपास रिकामं स्टेज, टेपवरचं संगीत, लायझा मिनेली आणि मॉडेल्स.

त्या 36 मॉडेल्सपैकी 10-11 कृष्णवर्णीय होत्या. तोपर्यंत पॅरिसमध्ये मॉडेलने कपडा दाखवायचा म्हणजे शांतपणे यायचं, वळायचं, जायचं. या बायका संगीतावर चालत आल्या. पॅट क्लीव्हलँडने गिरक्या घेतल्या त्या थेट स्टेजच्या कडेपर्यंत. बेथअ‍ॅन हार्डिसन पुढे आली आणि प्रेक्षकांच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली. समोरच्या बड्या लोकांनी कार्यक्रमपत्रिका हवेत उडवल्या. साध्यासुध्या, अंगावर वाहणाऱ्या त्या अमेरिकी कपड्यांनी फ्रेंच कुत्युअरला झाकोळून टाकलं, आणि यात शिवणकामाचा वाटा किती आणि चालीचा किती, हे मला विचाराल तर मी चालीच्या बाजूने हात वर करीन.

बेथअ‍ॅन हार्डिसन हे नाव लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतरची काही वर्षं चालीची होती. मार्च 1991 मध्ये मिलानला व्हर्साचेच्या शोच्या शेवटी नाओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड, लिंडा इव्हँजेलिस्टा आणि क्रिस्टी टर्लिंग्टन हातात हात घालून, जॉर्ज मायकलच्या गाण्यावर ओठ हलवत आल्या. त्या चौघींच्या चाली आजही डोळे मिटून वेगवेगळ्या ओळखता येतात. 1993 मध्ये व्हिव्हियन वेस्टवुडच्या शोमध्ये नाओमी वीतभर उंच बुटांवरून घसरून खाली बसली, खळखळून हसली आणि उठून पुढे चालू लागली. ते बूट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मला त्यांच्याइतकंच तिचं हसूही जपून ठेवण्यासारखं वाटतं. बूट घालणारी कुणीतरी होती, हे त्या हसण्याने सांगितलं.

मग हे कुणीतरी हळूहळू पुसलं गेलं. त्याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. एका शोमध्ये चाळीस-पन्नास पोशाख आणि वेळ दहा-बारा मिनिटं. रॅम्पच्या टोकाला फोटोग्राफरांची गर्दी. 2000 सालापासून स्टाइल डॉट कॉमसारख्या साइटवर प्रत्येक पोशाखाचा समोरून घेतलेला एक फोटो, अशा रांगा लागू लागल्या. फोटो नीट यायचा तर हात हलायला नकोत, मान कलायला नको, चेहऱ्यावर काही नको. सरळ या, थांबा, जा. मिनिमल कपड्यांची लाट होतीच. मॉडेल दिसायला नको, कपडा दिसायला हवा, हे तेव्हाचं तत्त्वज्ञान. ऐकायला ते साधनेसारखं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ झाला, चालतं हॅंगर.

इथे माझं खरं भांडण आहे. चाल एकसारखी करायची म्हटली की आधी शरीरं एकसारखी लागतात. एकच उंची, एकच बांधा, एकच वय, आणि बघता बघता एकच रंग. प्राडाच्या रॅम्पवर 1997 मध्ये नाओमी चालली, त्यानंतरची कृष्णवर्णीय मॉडेल म्हणजे 2008 मधली जॉर्डन डन. मधे दहा वर्षांहून जास्त काळ. त्याच 2008 च्या जुलैत फ्रँका सोझानीने व्होग इटालियाचा अख्खा अंक कृष्णवर्णीय मॉडेल्सवर काढला, कारण ही रिकामी जागा तोपर्यंत डोळ्यांत खुपायला लागली होती. आणि 2013 मध्ये फॅशनच्या मोठमोठ्या संघटनांना एक जाहीर पत्र गेलं. कोणकोणत्या डिझायनरांच्या शोमध्ये एकही कृष्णवर्णीय मॉडेल नव्हती, किंवा फक्त एक होती, त्यांची नावंच त्यात होती. पत्र लिहिणारी होती बेथअ‍ॅन हार्डिसन. व्हर्सायच्या स्टेजवर प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिलेली बाई चाळीस वर्षांनी पुन्हा तेच करत होती, या वेळी कागदावर.

म्हणून ‘चाल बघते’ म्हणजे मी शोभेचं काही बघत नसते. रॅम्पवर कुणाला माणूस म्हणून यायची परवानगी आहे, हे बघत असते.

त्या सपाट काळाच्या तोंडावरही एक माणूस मॉडेलच्या शरीरावर भिस्त ठेवून होता, अलेक्झांडर मॅक्वीन. सप्टेंबर 1998 मधला त्याचा तेरावा शो. सुरुवातीला एमी मलिन्स आली. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेली ही धावपटू नक्षीदार लाकडी पायांवर चालत आली, ते अनेकांना उंच बूट वाटले. शेवटी शॅलम हार्लो पांढरा झगा घालून फिरत्या चकतीवर उभी राहिली आणि मोटारींच्या कारखान्यातल्या दोन रोबोंनी तिच्यावर काळा आणि पिवळा रंग उडवला. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल, मोजलेलं नाही. रोबो यंत्रासारखेच हलतात. भीती, कुतूहल, शरणागती हे सगळं हार्लोच्या खांद्यांत आणि मनगटांत आहे. ती बॅले शिकलेली होती. तिच्या जागी हॅंगर असतं, तर आपण फक्त एका झग्याला रंग लागताना पाहिलं असतं.

गंमत म्हणजे, फोटोने मारलेली चाल फोनने परत आणली. रीलला सरळ चालणारा माणूस नको असतो. सप्टेंबर 2019 मध्ये जॉन गॅलियानोच्या मेझाँ मार्जिएला शोच्या शेवटी लिऑन डेम हा मॉडेल पाय आपटत, खांदे पुढे काढत, रागावल्यासारखा आला आणि एका रात्रीत जगभर पोचला. तेव्हा मीही ती क्लिप दहाजणांना पाठवली. आज मात्र स्वतःला विचारते, त्याने घातलं काय होतं? टोपी आठवते, बूट आठवतात, बाकी धूसर. तिथे चाल शब्दांवर चढून बसली होती. लोक धून गुणगुणत होते, गाणं कुणाला आठवत नव्हतं.

जानेवारी 2024 मध्ये हेच दोघं पुन्हा एकत्र आले. सीन नदीवरच्या अलेक्सांद्र तिसऱ्याच्या पुलाखाली, रात्री. पॅट मॅकग्राने मॉडेल्सचे चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे काचेरी केले होते. डेम सगळ्यात आधी आला, उघड्या छातीखाली कमर कॉर्सेटमध्ये आवळलेली. थंडीने काकडल्यासारखा, अडखळत, स्वतःला सावरत. या वेळी चाल कॉर्सेटमधूनच निघालेली होती. श्वास अर्धा घेता येत असेल तर माणूस कसा चालेल, तसा तो चालत होता. त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाची कमर वेगळी, ओझं वेगळं, म्हणून पाऊल वेगळं. गेल्या काही वर्षांतला माझ्या मते हा सर्वोत्तम शो. हे लिहिताना गॅलियानोचा इतिहास मी विसरत नाही. ज्यूद्वेषी शेरेबाजीमुळे 2011 मध्ये दिओरने त्याला काढलं आणि फ्रेंच कोर्टाने दोषी ठरवलं. त्याच्या कामाचं कौतुक करताना हा खडा दाताखाली येतोच, आणि तो यावाच.

आता घराजवळचं. 30 मार्च 2023 ला दिओरचा शो मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर झाला. मारिया ग्राझिया क्युरीच्या त्या कलेक्शनवरचं भरतकाम मुंबईच्याच चाणक्य अटेलिएचं होतं. मागे भव्य तोरण, कपड्यांवर इथल्या हातांनी महिनोन्महिने घातलेले टाके. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण चाल? थेट पॅरिसहून पार्सल आलेली. नजर समोर, हात खाली, वेग एकच. साडीची आठवण करून देणारे घोळ होते, पण साडीत बाई वळते कशी, थांबते कशी, पदर सावरते कशी, यातलं काहीच त्या पावलांत नव्हतं. शब्द आपले घेतले आणि चाल त्यांची लावली. टाके घालणाऱ्या हातांना जागा मिळाली, हे मोठंच आहे. पण कपडा घालणाऱ्या शरीरांकडून काही शिकायचं राहून गेलं.

डिसेंबर 2025 मध्ये शनेलचा शो न्यूयॉर्कच्या बाउरी सबवे स्टेशनात झाला. सुरुवात केली भविता मंडावाने. ही हैदराबादची मुलगी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना एका सबवे स्टेशनवरच मॉडेलिंगसाठी हेरली गेली होती. जीन्स, साधं स्वेटर, आणि ती स्टेशनाचा जिना उतरून आली. गिरकी नाही, पाय आपटणं नाही. रोजची गाडी पकडायला निघालेली मुलगी उतरते तशी. मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, ही चाल मी रोज बघते. दादरच्या पुलावर, ठाण्याच्या जिन्यावर, बॅग पुढे घेऊन, डोळे इंडिकेटरवर.

मी भाबडी नाही. अवारचं हसणं काय, भविताचा जिना काय, दोन्ही एका महागड्या कंपनीने ठरवून दिलेली परवानगी आहे. सहा महिन्यांनी फॅशन बदलली की ती परत घेताही येते. 1991 नंतर घेतली होतीच. म्हणून मला एका व्हायरल हसण्याने समाधान होत नाही. पुढच्या सीझनला पन्नासजणी पन्नास तऱ्हांनी चालताना दिसतात का, हे मी मोजणार आहे.

तुम्हीही मोजा. पुढच्या वेळी एखाद्या शोची रील समोर आली की आवाज बंद करा आणि कपड्यांऐवजी पावलं बघा. सगळी एकाच तालात पडत असतील तर समजा, तिथे कपडे आहेत, पण घालणारं कुणी नाही.