देव्हारे माजवणे

धाराशिवकडच्या जुन्या घरांतला देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा, नाहीतर एखादी लाकडी चौकट. आत कुलदैवतांचे टाक, कडेला भवानीची परडी, कवड्यांची माळ. पाणी, फूल, हळदीकुंकू वाहिलं की पूजा झाली. एवढ्या मुकाट वस्तूला मराठीने 'माजवणे' जोडलं आणि अनाठायी भक्तीसाठी नेमका शब्दप्रयोग घडवला.

मला त्यातलं क्रियापद फार आवडतं. माजतं ते तण. पावसाची झड लागली, कोळपणी लांबली, की सोयाबीनवर गवत माजतं. पीक जागेवरच असतं, पण दिसेनासं होतं. देव्हारे माजले की देवाचंही तेच होतं. म्हणून या शब्दांत देवाची निंदा मुळीच नाही.

'माजणे' आणि 'माजवणे' यांतलं अंतरही पाहावं. तण आपोआप माजतं, देव्हारे मात्र कुणीतरी माजवावे लागतात. शब्दच कर्ता मागतो, आणि जोडीला बघणारेही. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांची कथा इथे आठवते. नामात गढून माती तुडवताना तान्हं लेकरू पायाखाली गेलं. याहून अनावर भक्ती कोणती? बायकोचा आकांत त्या कथेने झाकलेला नाही, शेवटी पांडुरंग लेकरू परत देतो तरीही. पण गोरोबांनी देव्हारे माजवले, असं कुणी म्हणत नाही. ते कुणाला दाखवायला नाचत नव्हते.

त्याच गोरोबांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांची डोकी तपासली, असंही परंपरा सांगते. कच्चं मडकं निघालं ते नामदेवांचं, विठ्ठलाच्या सर्वांत लाडक्या भक्ताचं. मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून नामदेवांना विचारलं, देव नाही अशी जागा कोणती? भक्तीची इतकी कठोर झाडाझडती भक्तांनीच घेतली, याचा मला अभिमान वाटतो.

'स्तोम' आणि 'अवडंबर' हे जवळचे शब्दही असेच मुळात निंदेचे नव्हते. वेदात स्तोम म्हणजे स्तुती. अग्निष्टोम या यज्ञाच्या नावात तो अजून आहे. संस्कृतात आडंबर हे एका ढोलाचं नाव. स्तुती वाढत गेली, ढोल वाजत राहिला आणि मराठीत दोन्ही शब्दांना दूषणाचा अर्थ चिकटला.

माणसांच्या पूजेला आपण 'विभूतिपूजा' म्हणतो. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. 'विभूतिपूजा' हा शब्द अचूक आहे, पण पुस्तकी. त्यात थोडा आदरही उरतो. वेशीपासून एसटी स्टँडापर्यंत पुढाऱ्याचे फलक लागले, की पारावरचा म्हातारा तो वापरत नाही. तो म्हणतो, "लई देव्हारे माजवलेत."

व्याकरणात या प्रयोगाला तिन्ही पुरुष मोकळे आहेत. 'त्यांनी माजवले' रोज कानावर येतं, 'तुम्ही माजवू नका' भांडणात येतं. 'आम्ही देव्हारे माजवले' हे वाक्य मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.