‘ई’चा लोप आणि ओठांचे मौन

इंग्रजी शब्द अक्षरसंख्येने मोजावेत, त्यांत अमुक अक्षर असावे वा नसावे असे बंधन घालावे, ही हौस जुनी आहे. लुईस कॅरॉलने १८७९ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या नियतकालिकात ‘डब्लेट्स’ हे कोडे सुरू केले. समान लांबीचे दोन शब्द घेऊन, दर वेळी एकच अक्षर बदलत आणि मधला प्रत्येक टप्पा सार्थ शब्दच ठेवत, एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचे, असा तो खेळ. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी पाच अक्षरी ५७५७ इंग्रजी शब्दांना हाच नियम लावून पाहिला, तेव्हा ६७१ शब्दांना एकही शेजारी मिळाला नाही. ‘अलिप्त’ या अर्थाचा ‘अलूफ’ हा त्यांतलाच एक. २०२१ मधील ‘वर्डल’ने ही हौस घरोघर पोचवली.

हे खेळ समीक्षेचा विषय नव्हेत. पण त्यांच्यामागील गृहीतक समीक्षेला टाळता येत नाही. येथे शब्दाची लांबी कानाने नव्हे, डोळ्याने मोजली जाते. एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ‘थ्रू’ला इंग्रजीत सात अक्षरे लागतात, ‘आयडिया’ला मात्र चारच पुरतात. अभंगाच्या चरणात आपण सहा अक्षरे मोजतो ती उच्चाराची. इंग्रजीतले अक्षर हे प्रथम लिपिचिन्ह असते. म्हणून तेथे वर्णबंधन साहित्यात शिरते तेव्हा ते लेखनाचे बंधन म्हणून शिरते.

अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांची ‘गॅड्सबी’ (१९३९) ही सुमारे पन्नास हजार शब्दांची कादंबरी ‘ई’ या रोमन अक्षराविना लिहिलेली आहे. टंकयंत्रावरील त्या अक्षराचा दांडाच आपण बांधून ठेवला होता, असे लेखक प्रस्तावनेत सांगतो. ही हकीकत कादंबरीपेक्षा अधिक लक्षात राहते, आणि तिथेच तिची मर्यादा कळते. एका मरगळलेल्या गावाला तरुणांच्या साह्याने जाग आणणाऱ्या गृहस्थाची कथा ‘ई’विना का सांगायची, याला संहितेजवळ उत्तर नाही. बंधन प्रस्तावनेतच राहते.

जॉर्ज पेरेक यांच्या ‘ला दिस्पारिस्याँ’ (१९६९) या फ्रेंच कादंबरीत ते कथानकात उतरते. एक माणूस नाहीसा होतो; त्याच्या शोधात निघालेले, रहस्याच्या जवळ पोचणारे, एकेक करून मरतात. जे हरवले आहे त्याचे नाव घेण्याची सोय त्यांच्या भाषेत उरलेली नाही. पेरेक यांचे वडील १९४० मध्ये युद्धात मारले गेले. आईला १९४३ मध्ये आउश्वित्झला नेण्यात आले. फ्रेंचमध्ये ‘ई’शिवाय ‘पिता’ लिहिता येत नाही, ‘माता’ लिहिता येत नाही, ‘मी’सुद्धा लिहिता येत नाही. शिवाय त्या अक्षराचा फ्रेंच उच्चार ‘ते सारे’ या अर्थाच्या सर्वनामाशी मिळताजुळता. १९७५ मधील आत्मकथनपर पुस्तक पेरेक यांनी ‘ई’लाच अर्पण केले आहे.

गिल्बर्ट अडेर यांनी ‘अ व्हॉइड’ (१९९४) हा इंग्रजी अनुवाद त्याच बंधनात केला. इंग्रजीत मात्र वेगळीच पडझड होते. निश्चित उपपद जाते, नियमित भूतकाळाचा प्रत्यय जातो, ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘आम्ही’ जातात. ‘मी’ कर्ता म्हणून टिकतो, कर्म म्हणून नव्हे. स्पॅनिश अनुवादकांनी (१९९७) तर ‘ई’ऐवजी ‘ए’ हे रोमन वर्णमालेचे पहिले अक्षर गाळले; त्यांच्या भाषेत ते ‘ई’खालोखाल सर्वाधिक येते. मराठी अनुवादकाने काय गाळावे? ‘अ’ म्हणावे तर तो व्यंजनात मुरलेला, त्याला स्वतंत्र मात्रा नाही. शब्दान्ती तो लिहिला जातो पण पुष्कळदा उच्चारला जात नाही. देवनागरीत जे वेगळे दिसतच नाही, त्याची अनुपस्थिती दाखवायची कशी?

आपल्या परंपरेने बंधन घातले ते लिपीवर नव्हे, मुखावर. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांविना सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावले आहेत. बंधनाला असे शरीर देणे राइट यांना सुचले नाही. मम्मटाने चित्रकाव्याला सर्वांत खालचे स्थान दिले. त्या निवाड्याच्या ओझ्याखाली आपण अशा सर्वच रचना शब्दकसरत म्हणून एका गाठोड्यात बांधतो. मंत्रगुप्ताचे ओठ त्या गाठोड्यात मावत नाहीत.

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) ‘निरोष्ठरामायणा’चा विचार येथे करावा लागतो. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले की ‘म’ जातो, आणि ‘म’ गेला की ‘राम’ हा शब्दच जातो. भरत नाही, लक्ष्मण नाही, हनुमान नाही; सीता आणि दशरथ तेवढे राहतात. ज्या संप्रदायात नामाचा उच्चार हीच साधना, तेथे नामाविना रामकथा! पंतांच्या अनेक रामायणांपैकी प्रत्येकाला काही ना काही नियम आहे, तेव्हा येथे पेरेक यांच्यासारखा शोक शोधणे अतिवाचन होईल, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पण नियम निवडणे आणि त्या नियमाने नायकाचेच नाव गिळले तरी तो पाळणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. ‘दाशरथि’ किंवा ‘जानकीकांत’ यांसारखे कोणते पर्याय कोणत्या प्रसंगी येतात, वनवासात कोणते आणि राज्याभिषेकात कोणते, हे पडताळल्याशिवाय त्या रचनेला चमत्कृती म्हणून निकालात काढण्याचा अधिकार समीक्षेला नाही.