योग साधला, क्षेमाचं काय? : ‘नाविक’च्या निमित्ताने



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी उपग्रहांवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. आमच्याही मनात आलं होतं. पण आजचा विषय उपग्रहांचा कमी आणि निगराणीचा जास्त आहे, आणि निगराणी म्हणजे काय हे कसाऱ्याला वेगळं सांगायला नको. १८६५ साली थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. उतारावर गाडी आवरली नाही तर तिला बाजूला घेऊन थांबवायला कॅच सायडिंगचा फाटा ठेवलेला आहे. पावसाळ्यात दरडीच्या भीतीने रात्रभर रुळांवरून गस्त चालते. घाट बांधला एकदा. राखला जातो रोज.

आता आकाशाकडे वळू. ‘नाविक’ ही आपली स्वतःची दिशादर्शन प्रणाली. जुलै २०१३ मध्ये तिचा पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा. सगळं जग नव्हे, तर भारत आणि सीमेपलीकडचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा पट्टा एवढंच तिचं क्षेत्र. त्यामुळे सात उपग्रहांत भागलं. ही कल्पना काटकसरीची आणि हुशारीची होती, हे आधी मान्य करू. आमची टीका तिच्यावर नाही.

या प्रणालीचा जीव घड्याळात असतो. उपग्रह वेळ सांगतो. ती वेळ आपल्यापर्यंत यायला किती क्षण लागले यावरून अंतर कळतं. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, की अंतर तीनशे मीटरने चुकलं. म्हणून प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची तीन अणुघड्याळं बसवली, एक चालवायला आणि बाकीची राखीव. घड्याळं परदेशातून आणलेली होती. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही बंद पडली. तशाच प्रकारची घड्याळं युरोपच्या ‘गॅलिलिओ’तही बिघडली, तेव्हा हा काही आपल्याच कपाळाचा दोष नव्हता.

पण पुढे काय झालं ते पाहा. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उडाला आणि उष्णतारोधक कवच उघडलंच नाही; उपग्रह त्या कवचातच अडकून राहिला. त्याच्या जागी दुसरा पोचायला एप्रिल २०१८ उजाडला. मग नव्या पिढीचा पहिला उपग्रह, एनव्हीएस-०१, मे २०२३ मध्ये गेला. मधली पाच वर्षं एकही नाही. आणि पहिल्या उपग्रहांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांचं धरलेलं होतं! ते कधी संपणार हे उडवतानाच ठाऊक होतं. अपघात सांगून येत नाही हे खरं. म्हातारपण मात्र सांगून येतं. आम्ही सत्तरी ओलांडली आहे, एवढं खात्रीने सांगू शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्याचं ते शंभरावं उड्डाण. देशभर कौतुक झालं, आम्हीही टाळ्या वाजवल्या. चार-पाच दिवसांत कळलं की कक्षा उंचावण्यासाठी इंधन जाळायचं तर त्याला ऑक्सिडायझर पुरवणारे व्हॉल्व्हच उघडले नाहीत. उपग्रह लंबवर्तुळात फिरत राहिला, नेमलेल्या जागी गेला नाही. त्या बातमीला पहिल्या बातमीच्या पावपट तरी जागा मिळाली का? जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितलं गेलं: अकरा सोडले, त्यातले चार स्थाननिश्चितीचं काम करतात, आणखी चार फक्त संदेश पाठवण्याच्या उपयोगाचे आहेत, एक निवृत्त, दोन जागेवर पोचलेच नाहीत.

चार म्हणजे किती? अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या हातातल्या यंत्राच्या घड्याळाची चूक ही चार अज्ञातं; ती सोडवायला किमान चार उपग्रह हवेत. म्हणजे तेव्हा पालखीला भोई चारच, खांदा बदलायला पाचवा नव्हता.

आमच्या परंपरेत ‘योगक्षेम’ असा एक सुंदर शब्द आहे. जे नाही ते मिळवणं म्हणजे योग. मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. पूर्वजांनी हे दोन शब्द एकत्र बांधले, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. आम्ही सारे मात्र योगाचे उत्सव करतो आणि क्षेमाला कारकुनी समजतो. उड्डाणाचं थेट प्रक्षेपण होतं. घड्याळ जागेवर ठेवणाऱ्याला कोण पाहतं? घाटातल्या गस्तवाल्याची गत हीच. त्याच्याकडे आता जीपीएस ट्रॅकर असतो, तो नीट चालला की नाही हे आकाशातून कळतं. मग त्या आकाशाची गस्त कोण घालतं, हा प्रश्न विचारणं आपलं काम आहे.

कुणी म्हणेल, जीपीएस फुकट आहे, रशियाचं आहे, युरोपचं आहे, चीनचं आहे, आपलं कशाला? याच्या उत्तरादाखल नेहमी कारगिलची गोष्ट सांगतात. ती आम्ही बाजूला ठेवतो. अपमानाच्या आठवणीवर धोरण फार काळ उभं राहत नाही. साधी गोष्ट घ्या. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराचा जीपीएस संकेत मुद्दाम अचूक ठेवत नसे, हे तिने कधी लपवलं नाही. तो निर्णय तिने घेतला, तिनेच बदलला. शहापूर तालुक्याला हे लवकर समजेल. तानसा, भातसा, मोडक सागर आपल्या अंगणात आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच दारात! पाणी जवळ असणं वेगळं आणि नळाची चावी हातात असणं वेगळं. त्या टँकरवरही जीपीएस बसवतात, तो कुठे पोचला हे कळावं म्हणून.

आधुनिकीकरणाचंही असंच. जुने उपग्रह एल-५ आणि एस पट्ट्यांत बोलत. साध्या मोबाइलला ती भाषा कळत नसे. नव्या पिढीत एल-१ पट्टा आला, जो जगभरच्या यंत्रांना कळतो. घड्याळही आता अहमदाबादच्या केंद्रात घडवलेलं, स्वदेशी. ही खरी कमाई आहे आणि ती मनापासून वाखाणली पाहिजे. पण नवी भाषा बोलणारा जागेवर एकटाच असेल तर संवाद होत नाही. नव्याची गोडी चाखायची तर जुन्याची जागा वेळेवर भरली पाहिजे. आधुनिकीकरण म्हणजे वेळापत्रक पाळून केलेली निगराणीच.

आमचं मागणं मोठं नाही. राखीव उपग्रह आधी तयार असावा, नंतर नव्हे. कोणता उपग्रह चालू, कोणता बंद हे संसदेत प्रश्न विचारण्याची वाट न पाहता सामान्य माणसाला कळावं. जीपीएस चालवणारे आपल्या उपग्रहांच्या स्थितीच्या सूचना नियमित प्रसिद्ध करतात. १ एप्रिल २०१९ पासून व्यावसायिक वाहनांच्या ट्रॅकरमध्ये आपण ‘नाविक’ सक्तीचं केलं. सक्ती केली की हमीही द्यावी लागते.

आणि शेवटचं, आपल्यासाठी. अपयशाची बातमी देणाऱ्याला देशद्रोही आणि यशाची देणाऱ्याला देशभक्त म्हणण्याची सवय सोडू या. घाटात लाल दिवा दाखवून गाडी थांबवणाऱ्या गस्तवाल्यावर प्रवासी कातावतात. कातावू देत. तो रुळावर आहे, म्हणून ते घरी पोचतात.