‘जिणं आमुचं’मधलं हसू

माझी एक कविता परत आली. परत पाठवणारे आपलेच. चिठ्ठीवर एक ओळ: ‘यात विद्रोह कुठाय?’ कविता होती टँकरची. वस्तीत चार दिवसांनी टँकर आला, हंडा भरला आणि आई हसली. एवढंच. राग आला, खोटं कशाला बोलू. हसू लिहिलं म्हंजे काय गद्दारी झाली?

म्हणून बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ पुन्हा काढलं. 1982 साली ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं, 1986 ला पुस्तक झालं. आपल्या बैठकांत त्यावर बोलणं होतं ते एकाच सुरात. वेदना, नकार, विद्रोह असे तीन खण ठरलेले. त्यात पुस्तक कोंबायचं नि मोकळं व्हायचं. पण या बाईनं आषाढ कसा लिहिलाय ते बघा की. वर्षभर भुकेनं गांजलेला महारवाडा आखाड लागला की उठून बसतो. घरं सारवली जातात, बाया न्हातात, पोरांना ऊत येतो. अंघोळ! अंघोळीला सण म्हणणारं मराठीत दुसरं कोण आहे? ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना हा चमत्कार कळायचा नाही.

शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) मध्ये मांडलंय की आनंदाची जुनी कसोटी आपल्या साहित्याला लागू होत नाही. कबूल. आमचा मार वाचून कुणाला आनंद होत असंल तर आग लागो त्या आनंदाला. पण हा झाला वाचणाऱ्याचा आनंद. पुस्तकातल्या माणसाचा आनंद ही वेगळी चीज. आपण दोन्हीची गल्लत केली. खुर्चीतल्या रसिकाला आनंद द्यायचा नाही म्हणता म्हणता चुलीपुढच्या बाईचंही हसू कापून टाकलं.

दुसरीकडं तो रसिक टपलेलाच. एका कार्यक्रमात एक प्राध्यापक मान डोलवत म्हणाले, ‘किती थोडक्यात सुखी असतात ही माणसं!’ च्यायला, थोडक्यात ठेवलं कुणी? माझी कविता परत धाडणाऱ्यांना धास्ती आहे ती याच प्राध्यापकाची, आणि ती धास्ती खोटी नाही.

बेबीताई त्याच्या हाती लागत नाही. का? ती हसू एकटं सोडत नाही. आखाडाच्या त्याच जल्लोषात अंगात येणं आहे, पोटचा पोरगा पोतराज म्हणून देवाला सोडणं आहे. आणि त्याच महारवाड्यात सासरहून पळू पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा. तो घालायला गावचा पाटील येत नाही, घरचेच घालतात. बाई हेही झाकत नाही. अंधश्रद्धेवर कोरडे ओढते, पण अंगात आलेल्या बाईची टिंगल करत नाही. वर्षभर खाली मान घालणारीला तेवढाच घटकाभर मान, हे तिला ठाऊक आहे. अशा हसण्यावर प्राध्यापकानं ‘समाधान’ असा शिक्का मारून दाखवावा!

पुढं जेजुरीला बाबासाहेबांचं भाषण होतं, आणि पोरी शाळेत जायला लागतात. सवर्ण मुली हिणवतात, नाकं मुरडतात. या पोरी रडत घरी येत नाहीत, भिडतात. तिथं मी एकटाच मोठ्यानं हसलो, शेजारचा झोपेतून उठून शिव्या द्यायला लागला. आखाडातलं हसू वर्षातून एकदा उसनं मिळायचं. हे पोरींनी कमावलेलं आहे.

एक तक्रार आहे. शेवटाकडं पुस्तक भाषण करू लागतं. शिकून साहेब झाले आणि समाजाला विसरले त्यांना बाई झापते, ते रास्तच. पण तिथं हसू आटतं. आणि तिचं स्वतःचं तर पुस्तकात जवळपास नाहीच. फलटणच्या छोट्या दुकानात बसून ती पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायची. लिहिलेलं घरच्यांपासून वीसेक वर्षं दडवलं. नवऱ्याचा मार खाल्ला, हे तिनं पुढं मुलाखतीत सांगितलं. गिऱ्हाईक नसताना एखादं पान पुरं झालं की या बाईला काय वाटत असंल? ते पान मला हवं होतं. 2012 साली ती गेली.

पुस्तक मिटून माझी कविता पुन्हा वाचली. चिठ्ठीवाले चुकले, हे मी अजून म्हणतो. पण कविताही अर्धीच होती. टँकर आधी कुठल्या आळीत थांबतो, आमच्या वस्तीत येईस्तोवर त्यात किती पाणी उरतं, हे तिच्यात नव्हतं. हंड्याच्या रांगेत आईनं शेजारणीच्या झिंज्या उपटल्या, तेही मी गाळलं होतं. आता घातलंय. आईचं हसू आहे तिथंच ठेवलंय. त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवतो आहे.