कुवेलीच्या टेकडीवरचे तीन राजे : एका भूतकथेची उलटतपासणी

दोंडाईचा-शिंदखेडा भागात पडक्या गढीला भूत चिकटायला वेळ लागत नाही. पांढऱ्या मातीच्या भिंती दर पावसाळ्यात थोड्या खचतात, वारस पोटापाण्यासाठी शहर गाठतात आणि रिकाम्या जागेत गोष्ट राहायला येते. लहानपणी अशा गढ्यांच्या सावलीतून मीही धूम ठोकली आहे. पुढे जुनी गॅझेटियरे चाळण्याचा नाद लागला आणि भुताला घाबरण्याऐवजी त्याचे वय विचारायची सवय जडली. तोच प्रश्न इथे गोव्यातल्या एका वास्तूला विचारायचा आहे. ही वास्तू म्हणजे कासावलीजवळच्या कुवेली टेकडीवरचे ‘तीन राजांचे’ चर्च.

कथा सर्वत्र जवळपास सारखीच सांगितली जाते. या मुलखावर हक्क सांगणारे तीन पोर्तुगीज राजे सतत भांडत. त्यांपैकी होल्गर अल्वुंगर याने उरलेल्या दोघांना चर्चमध्ये जेवायला बोलावले आणि विष घातले. लोक चवताळून चालून आले, तेव्हा त्याने स्वतःही विष घेतले. तिघांना तिथेच पुरले. तेव्हापासून तिन्हीसांजेला तिथे न दिसणाऱ्या माणसांची चाहूल लागते, असे म्हणतात.

आता तपासणी. पहिली गोष्ट, पोर्तुगालला राजा एकच असे आणि तो गोव्यात राहत नसे. गोव्याचा कारभार व्हाइसरॉय पाही. शिवाय १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुटच स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. दुसरी गोष्ट, होल्गर हे नाव पोर्तुगीज नाही. ते डेन्मार्ककडचे आहे, तिथल्या दंतकथेतल्या वीराचे. कथा रचणाऱ्याला परके वाटेल असे नाव हवे होते. ते कोणत्या देशाचे, याची फिकीर त्याने केली नाही.

मग ‘तीन राजे’ आले कुठून? हे चर्च १५९९ साली गोन्सालो कार्व्हाल्यो या पाद्रीने बांधले आणि ते रेमेदियुस मातेला, म्हणजे दुःखांवर उपाय करणाऱ्या मेरीला, वाहिलेले आहे. दरवर्षी ६ जानेवारीला इथे तीन राजांचे फेस्त भरते. कासावली, आरोशी आणि कुवेली या तीन गावांतली तीन मुले मुकुट घालून, घोड्यांवर बसून, वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात. हे राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांना राजे म्हटलेले नाही, त्यांची संख्याही दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून परंपरेने तीन माणसे मोजली आणि पुढे त्यांना मुकुट चढवले. म्हणजे एका भाविक कल्पनेवर दुसरी, रक्तरंजित कल्पना वाढली. हेच फेस्त चांदोरला आणि मांडवीकाठच्या रेइश मागुशलाही होते. पण विष पाजणारा राजा मात्र कुवेलीलाच. मला याचे कारण जागेत दिसते. उंच, एकाकी टेकडी, उतरती उन्हे आणि वर्षातला बराच काळ शांत उभी इमारत. आमच्या गढ्यांचेही असेच आहे.

यावर कोणी म्हणेल, असेना का गोष्ट, कोणाचे काय जाते? जाते. एक तर ज्या गावांची पोरे तिथे भक्तीने घोड्यावर बसतात, त्यांचे देऊळ बाहेरच्यांच्या लेखी रात्री धाडसाला जाण्याची जागा बनते.

दुसरे नुकसान याहून मोठे. याच जुन्या साष्टी प्रांतात, हे चर्च उभे राहण्याच्या सोळा वर्षे आधी, दगाबाजीचे एक बोलावणे खरोखर गेले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी देवळे पाडणाऱ्या सत्तेविरुद्ध उठून पाच जेझुइटांना मारले. अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फो आक्वाविवा त्यांतलेच एक. नंतर गावच्या सोळा प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. एकजण नदीत उडी घेऊन निसटला, असे सांगतात. बोलावून घेऊन केलेला घात हवा असेल, तर इतिहासात तो आहे. दोन्ही बाजूंच्या खऱ्या प्रेतांसह आहे. होल्गर मात्र कोणालाच जाब विचारत नाही, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा.

आम्हा खानदेशींनाही हे लागू आहे. तापीकाठच्या थाळनेरला २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले. त्यावर इंग्लंडच्या पार्लमेंटातही वाद झाला. पण त्या किल्लेदाराचे भूत दिसल्याचे मी आजवर कोणाकडून ऐकले नाही. पडक्या भिंतीत कोण फिरते, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. तिथे कोण मेले, हे विचारणारा क्वचितच भेटतो. भूतकथा खुशाल सांगाव्यात, पण हा दुसरा प्रश्न आधी विचारून.