रोजची कविता आणि नामदेवांचा पण

हल्लीं रोज सकाळीं कोणी एखादा शब्द द्यावा आणि रात्र पडण्यापूर्वीं बाकीच्यांनीं त्यावर कविता करावी, असा परिपाठ तरुण कवींत बराच रुजला आहे. अमेरिकेंत मॉरीन थॉर्सन या कवयित्रीनें 2003 सालीं एप्रिलच्या 30 दिवसांत 30 कविता लिहिण्याचा नेम आरंभिला. तो पुढें देशोदेशीं पसरला. कविता स्फुरावी लागते, ती मागणीबरहुकूम होत नाहीं, असें म्हणून आपल्याकडील कित्येक रसिक या प्रकारास नाक मुरडतात. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. आणि तो कां पटत नाहीं हें सांगण्यासाठीं नरसीकडे वळावें लागतें.

हिंगोली जिल्ह्यांतील कयाधू नदीकांठचें हें गांव नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. जन्म 1270 सालचा. पंढरपूरचाही या मानावर हक्क सांगितला जातो. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. नामदेवांनीं शतकोटी अभंगांचा पण केला, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलें आणि जनाबाई या साऱ्यांनीं त्यास हातभार लावला, आणि उरलेली संख्या पुरी करण्याचें काम नामदेवांनीं तुकारामांवर स्वप्नांत येऊन सोंपविलें, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. नामदेवांचें आयुष्य 80 वर्षांचें. पाळण्यांतून आरंभ केला असें धरलें, तरी दिवसाला 34,000 अभंग पडतात! तेव्हां या पणाचा अर्थ आम्ही एवढाच घेतों कीं, घरांतला एकही दिवस कोरा जाऊं द्यावयाचा नाहीं.

मग रोजचा विषय कोण देई? कांहीं विषय तिथी देत: एकादशी आली, गोकुळाष्टमी आली. कांहीं कीर्तनास जमलेले श्रोते देत. आणि कांहीं, आमच्या मतें सर्वांत सकस, रिकामें घर देई. राजाई आणि गोणाई यांच्या नांवावर गाथेंत जे अभंग आहेत ते वाचावे. नवरा देवळांत रमला आहे आणि घरांत दाणा नाहीं, हें गाऱ्हाणें राजाई रखुमाईपुढें मांडते, तेंही एका संसारी बाईनें दुसरीस सांगावें तशा भाषेंत. गोणाई तर मुलासाठीं खुद्द विठोबाशीं भांडते. हे विषय कोणी निवडून दिलेले नव्हते, तरी ते रोज समोर येऊन उभे राहत.

आपल्याकडे समस्यापूर्तीचीही जुनी परंपरा आहे. तींत बहुधा शेवटचा चरण दुसऱ्यानें दिलेला असतो. कवीनें कसेंही करून तेथवर पोंचावयाचें. त्यांत चातुर्य दिसतें, कवी क्वचितच दिसतो. अभंगाची घडण नेमकी उलट आहे. विषय कोणाचाही असो, शेवटीं नाममुद्रा कवीची. म्हणजे दिलेल्या शब्दापासून निघून स्वतःपाशीं यावयाचें. आजच्या उपक्रमांतील पुष्कळ कविता समस्यापूर्तीच्या वाटेनें जातात, ही आमची खरी तक्रार आहे. ‘पाऊस’ हा शब्द मिळाला कीं खिडकी, चहा आणि विरह ठरलेलेच. खालचें नांव बदललें तरी कोणास कळूं नये!

नांव बदलण्याची ही गोष्ट गंमतीची नाहीं. नामदेवांनंतर कित्येक वर्षांनीं झालेल्या विष्णुदास नामा या कवीची रचना नामदेवांच्या रचनेंत मिसळली आहे, आणि ती वेगळी काढतांना अभ्यासकांस आजही कष्ट पडतात. सांचा हातीं आला कीं त्यांतून दुसऱ्याचेंही बरेंच कांहीं निघतें. रोज लिहिणाऱ्यानें म्हणूनच रोज थोडें फाडावेंही.

पंजाबांत ही निवड दुसऱ्यांनीं केली. गुरु अर्जुनदेवांनीं 1604 सालीं ग्रंथ सिद्ध केला. आज गुरु ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं 61 पदें आहेत. तेवढ्यांच्या बळावर शीख यात्रेकरू अजून नरसीस येतात.