अहवाल कोणी ऐकायचा?

सरकारी खर्चावर टीका करायला पुणेकराला वेगळं आमंत्रण लागत नाही. त्यातून समित्या, आयोग, सल्लागार हा विषय निघाला की कट्ट्यावर दोन मिनिटांत एकमत होतं: पैसे पाण्यात गेले. आजचा आमचा विषय या खर्चाचा एक लहानसा कोपरा आहे. परराष्ट्र व्यवहार, आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं संरक्षण, या क्षेत्रांत सरकार मुद्दाम माणसं नेमून जे अहवाल आणि आढावे करून घेतं, त्यांचं मोल कसं करायचं? आम्ही उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलं. जमाखर्चाच्या वहीत आमचा हात फारसा चालत नाही. पण 'मोल' म्हणजे नेमकं काय, एवढं विचारायचा हक्क आम्हाला असावा.

आधी आकडा बघू, म्हणजे किती रागवायचं ते ठरेल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाची तरतूद सुमारे २०,५०० कोटी रुपये होती आणि केंद्राचा एकूण अंदाजित खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी. म्हणजे शंभर रुपयांत चाळीस पैसे. त्यातले दहाएक पैसे शेजारी आणि मित्रदेशांना मदत म्हणून जातात, वकिलाती चालवायच्या असतात, पगार असतात. अहवालांच्या वाट्याला येते ती चिल्लर. तेव्हा तक्रार नुसती रुपयांची असेल, तर ती चुकीच्या दारावर जाते आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. अहवाल मागवणं म्हणजे प्रश्न विचारणं. आणि प्रश्न विचारणाऱ्यावर उत्तर ऐकून घेण्याचं ऋण चढतं. आपली सरकारं, कुठल्याही रंगाची घ्या, प्रश्न विचारण्याचा खर्च करतात आणि ऋण फेडायचं राहून जातं. खरी उधळपट्टी तिथे होते.

हे आम्ही जरा आमच्या विषयातून सांगतो. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलेलं आहे. प्रत्येक गोष्ट आपण डोळ्यांनी बघू शकत नाही, अनुमानानेही सगळं हाती लागत नाही. तेव्हा जाणत्याच्या सांगण्यावर विसंबावं लागतं. पण जाणता कोण? त्याला 'आप्त' म्हणतात. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची जी ओळख सांगितली, तिचा मथितार्थ असा: त्याला विषयाचं साक्षात ज्ञान हवं, आणि जसं दिसलं तसं सांगायची त्याला इच्छा हवी. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखंच लागू आहे. आमच्या मते बाहेरच्या सल्लागाराबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही. माणूस बाहेरचा आहे की घरचा, हा मुद्दा गौण. त्याला माहीत आहे का, आणि दिसलं तसं सांगायची मोकळीक त्याला आहे का, हे दोन प्रश्न खरे. ज्याला पुढचं कंत्राटही त्याच खात्याकडून हवं आहे, त्याच्या दुसऱ्या गुणाला कीड लागायला वेळ लागत नाही. अर्थात बढतीची वाट पाहणाऱ्या घरच्या अधिकाऱ्यालाही हेच लागू आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा निसटते. शाब्दबोध वक्त्याला होत नाही, श्रोत्याला होतो. सांगणारा कितीही मोठा आप्त असला, तरी ऐकणारा कोणी नसेल तर ज्ञान उपजतच नाही. मग कपाटात राहिलेला अहवाल हे ज्ञान म्हणायचं का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. ती पुरून ठेवलेली साक्ष आहे.

आता आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. १८९५ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्ष लॉर्ड वेल्बी, म्हणून त्याचं नाव वेल्बी कमिशन. हिंदुस्थान आणि इंग्लंड या दोघांचं हित असलेल्या कामांचा खर्च कोणी किती सोसायचा, हा त्याच्यापुढचा एक मोठा प्रश्न होता. हा सरळसरळ परराष्ट्र खर्चाचा प्रश्न आहे. १८८२ ची इजिप्तची मोहीम, १८८५ ची सुआकिनची मोहीम यांचा भार हिंदी तिजोरीवर टाकलेला होता. इराणमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या खर्चातही आपला शेतकरी भर घालत होता, आणि तिथे काय बोललं जातं याची त्याला वार्ताही नव्हती.

या कमिशनपुढे एप्रिल १८९७ मध्ये लंडनला साक्ष द्यायला गेले फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले. वय अवघं तीस. पाठीशी न्यायमूर्ती रानड्यांचं मार्गदर्शन आणि गणेश व्यंकटेश जोशींचे आकडे. खर्चावर ताबा कोणाचा, खर्च वाढत कसा गेला, आणि वाटणी न्याय्य आहे का, अशा तीन अंगांनी त्यांनी मांडणी केली. उलटतपासणी कसून झाली. गोखले डगमगले नाहीत. दादाभाई नौरोजी स्वतः त्या कमिशनचे सभासद होते. अहवाल आला १९०० मध्ये. बहुमताने इंग्लंडवर थोडासा भार टाकून समाधान मानलं. दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांनी वेगळं मतपत्र जोडलं.

विचारणाऱ्याने ऐकलं का? फारसं नाही. तरीही ती साक्ष वाया गेली नाही, कारण ती छापली गेली. सरकारवर आकडेवार ठपका ठेवणारी साक्ष सरकारी कागदपत्रांत प्रसिद्ध झाली, आणि ज्याला वाचायची त्याला ती वाचता आली. लंडनमध्ये नाही तर इथे तिला श्रोते मिळाले. १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गोखल्यांचं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण झालं, त्याची तालीम एका अर्थाने १८९७ मध्येच होऊन गेली होती. परकी सरकार, विषम न्याय, सगळं मान्य. पण आपल्याविरुद्धची साक्ष त्या सरकारने छापली, हे लक्षात ठेवा. आता आम्ही १९६२ वर येतो.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाने देश हादरलेला असताना यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अजून अभिमानाने म्हणतो. युद्धानंतर लष्कराने पराभवाची चौकशी करवली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत या दोघांनी ती केली. भगत तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. आप्तलक्षणात दोघेही कमी पडत नव्हते. १९६३ मध्ये अहवाल आला आणि २ सप्टेंबरला चव्हाणांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत, असे चौकशीचे विषय त्यांनी सांगितले, काही उणिवाही मान्य केल्या. अहवाल मात्र गुप्त राहिला.

ही कार्यकक्षा नीट बघा. सगळे प्रश्न लष्कराला विचारलेले आहेत. चीन असं करणार नाही हा अंदाज कोणी बांधला, तो कशावर बांधला, मंत्रालयांत काय ठरलं, हे प्रश्न कागदावरच नव्हते. म्हणजे पहिली मेख प्रश्नातच मारलेली होती. ज्याला उत्तर नको असतं तो प्रश्न अरुंद करतो. आणि दुसरी मेख कुलपाची. २०१० मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी संसदेत सांगितलं की मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि आजही लष्करी दृष्ट्या उपयोगाचा आहे. सरकार बदललं, कुलूप बदललं नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा बराच भाग इंटरनेटवर टाकला. आपल्या जवानांच्या मरणाची आपणच करवलेली चौकशी आपल्याला एका परक्याकडून वाचावी लागली. यात अहवालाचा खर्च वाया गेला असं म्हणणं फार सौम्य होईल.

सगळंच असं झालं आहे का? नाही, आणि ते सांगणं टीकाकाराचं कर्तव्य आहे. कारगिलच्या लढाईनंतर जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने डिसेंबरात अहवाल पूर्ण केला; काही मजकूर झाकून तो फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला, पुस्तकरूपाने दुकानातही आला. आभाळ कोसळलं नाही. त्यावर मंत्रिगट बसला, त्याने २००१ मध्ये संरक्षण दल प्रमुख हे पद सुचवलं. ते पद प्रत्यक्षात आलं १ जानेवारी २०२० ला. एकोणीस वर्षं लागली. पण अहवाल लोकांसमोर होता म्हणून त्याची आठवण करून देणारं कोणीतरी प्रत्येक वेळी होतं.

दुसरं उदाहरण परदेशस्थ भारतीयांविषयीच्या सिंघवी समितीचं. २००० मध्ये नेमली, २००२ च्या जानेवारीत अहवाल आला. २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस सुरू झाला, पुढे ओसीआय कार्ड आलं. पुण्यात ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्या घरातल्या कागदपत्रांत त्या अहवालाचा एक अंश पडलेला आहे. पासपोर्टचंही तसंच. २००७ च्या सुमाराला परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टच्या कारभाराचा बाहेरच्या संस्थेकडून अभ्यास करवून घेतला, त्यातून पासपोर्ट सेवा केंद्रं उभी राहिली. आपलं मुंढव्याला आहे. तिथे टोकन घेऊन बसणाऱ्याला माहीतही नसतं की आपण एका अहवालाच्या आत बसलो आहोत. अहवालाचं मोल असं होतं.

उत्तर द्यायचं म्हणजे शिफारस मानायचीच असं मात्र नाही. १९६६ मध्ये सीमाप्रश्नावर आयोग नेमावा म्हणून आपणच आग्रह धरला, सेनापती बापट उपोषणाला बसले. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. खेडं हा घटक धरला नाही, भौगोलिक सलगता आणि सापेक्ष बहुभाषिकता यांचं तत्त्व सारखं लावलं नाही, ही कारणं आपण उघड सांगितली, आजही सर्वोच्च न्यायालयात सांगतो आहोत. ती पटोत वा न पटोत, पण सकारण नाकारणं हेही उत्तरच आहे. गप्प बसणं हे उत्तर नाही.

आता कोणी म्हणेल, परराष्ट्र धोरण काही मंडईत बसून ठरत नाही. मान्य. पण आमचं मागणं तेवढं मोठं नाहीच. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. त्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल, काय कारवाई केली याच्या टिपणासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. संसदेच्या स्थायी समित्यांनाही सरकार कृती-उत्तर देतं. म्हणजे ऋण फेडायची रीत आपल्या कायद्याला ठाऊक आहे. पण परराष्ट्र आणि संरक्षणातल्या बहुतेक समित्या साध्या कार्यकारी आदेशाने नेमल्या जातात, आणि तिथे हे बंधन लागत नाही. माहिती अधिकार कायद्यात वीस वर्षांहून जुनी माहिती बहुतांशी खुली करायची तरतूद आहे, पण सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचं कलम त्यातून वगळलेलं आहे. सार्वजनिक हिताचा अपवाद आहे, पण तो तराजू आधी त्याच खात्याच्या हातात. थोडक्यात, या गुपिताला मुदतच नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, सरकारी गुपितावर नसते.

इंग्लंडने इराक युद्धाची चिलकॉट चौकशी केली. २००९ ते २०१६, सात वर्षं, एक कोटी पौंडांहून थोडा जास्त खर्च, सव्वीस लाख शब्द, बारा खंड. उशीर झाला म्हणून शिव्याही भरपूर बसल्या. पण प्रश्न पंतप्रधानांपर्यंत पोचला, खर्चाचा आकडा छापला गेला आणि अहवाल लोकांच्या हातात पडला. एक कोटी पौंड महाग की स्वस्त, हे निदान तिथल्या माणसाला ठरवता येतं.

म्हणून आम्ही चार गोष्टी मागतो. प्रत्येक नेमलेल्या अहवालाची कार्यकक्षा नेमणुकीच्या दिवशीच जाहीर करा. त्याला किती पैसे दिले ते सांगा. झाकायचं ते झाका, पण झाकण्यावर तारीख घाला. आणि सहा महिन्यांत लेखी उत्तर द्या: काय मानलं, काय नाकारलं, का. पैशाने बघितलं तर याला जवळपास काहीच लागत नाही. सरकारला जड जाईल ते चौथं, कारण त्यात सही करावी लागते.

आणि थोडं आपल्याकडेही. आपल्या गावात परराष्ट्र मंत्रालय आणि पुणे इंटरनॅशनल सेंटर मिळून 'एशिया इकॉनॉमिक डायलॉग' भरवतात, मोठी माणसं येतात, चांगलं होतं. पण परिसंवादात टाळ्या वाजवून श्रोत्याचं काम संपत नाही. कारगिलचा छापलेला अहवाल आपल्यापैकी कितीजणांनी उघडला आहे? सरकारने ऐकावं असं म्हणणाऱ्या समाजालाही वाचावं लागतं. गोखल्यांची साक्ष जिवंत राहिली, कारण ती वाचणारे लोक या गावात होते. हेंडरसन ब्रुक्सच्या अहवालाचं कुलूप निघेल तेव्हा निघो. त्या दिवशी त्याला इथे वाचक मिळाले पाहिजेत, एवढं सांगून आम्ही थांबतो.